आकाशातील ग्रह आणि मनातील ग्रह

वारकऱ्याच्या घरी दोन पुस्तके हटकून सापडतात. एक पोथी आणि दुसरे पंचांग. पोथी देव्हाऱ्यापाशी असते, पंचांग खुंटीला टांगलेले असते. एकादशी कोणत्या दिवशी, अधिक महिना आहे की काय, चातुर्मास कधी लागतो, हे पाहिल्यावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही. म्हणून नशिराबादेत काय, मुक्ताईच्या पालखीबरोबर चालताना काय, कीर्तन संपले की कोणी ना कोणी हळूच विचारतोच, “महाराज, पंचांग बघून आपण उपास धरतो. मग त्याच पंचांगावरून जोशीबुवांनी मांडलेली पत्रिका खरी का खोटी? शनी-मंगळाचं काही आहे का नाही?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच प्रश्नापायी चांगल्या मुलींची लग्ने वर्षानुवर्षे अडून राहतात. याच्यापायी शांतीसाठी गाईगुरे विकली जातात, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे ते ‘ग्रह उतरू द्या’ म्हणून लांबणीवर पडते. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याच्याही मनात भीती घर करून बसते. तेव्हा ज्योतिष म्हणजे काय, त्यात मोजणी किती, रूपक किती, मनाचा खेळ किती, हे एकदा नीट निवडून पाहिले पाहिजे. धान्य सुपात घेऊन पाखडावे तसे.

१. एका नावाची तीन शास्त्रे

आपल्या पूर्वजांनी ज्योतिषाचे तीन स्कंध सांगितले आहेत. पहिला गणित किंवा सिद्धांत. सूर्य, चंद्र आणि तारे आकाशात केव्हा कोठे असतील याची मोजणी त्यात येते. दुसरा संहिता. पाऊसपाणी, धूमकेतू, शकुन, मुहूर्त असे नाना विषय त्यात आहेत. तिसरा होरा किंवा जातक. माणसाच्या जन्मवेळेवरून त्याचे भाकीत सांगण्याचा भाग तो हा. तिन्हींना आपण सरसकट ज्योतिष म्हणतो आणि येथेच घोटाळा होतो. पहिल्या स्कंधाची पत तिसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

एकादशीचेच उदाहरण घ्या. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. अमावास्येला दोघे एकत्र असतात. तेथून अंतर १२० अंशांचे झाले की शुद्ध एकादशी लागते आणि १३२ अंशांवर ती संपते. चंद्राची चाल कधी जलद, कधी मंद, म्हणून तिथी कधी २० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. त्यामुळेच स्मार्त एकादशी एक दिवस आणि भागवत एकादशी दुसरा दिवस असे कधी कधी होते. अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयापूर्वी चार घटका, दशमीचा वेध असेल तर तो दिवस भागवतधर्मी सोडतो. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे हा हिशेब ९६ मिनिटांचा झाला.

या साऱ्यात भाकीत कोठे आले? कोठेच नाही. ही निखळ मोजणी आहे. ग्रहण अमुक वाजता लागेल म्हणून पंचांगात लिहिलेले असते आणि ते लागते. चूक असेल तर ती उघडी पडते आणि गणित सुधारावे लागते. आपले वारकऱ्याचे नाते या पहिल्या स्कंधाशी आहे. पंचांगाने आपल्याला दिवस सांगितला, दैव सांगितले नाही.

२. आपल्याच जिल्ह्यातला मठ

या मोजणीचे मोठे ठाणे आपल्या खानदेशात होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. देवीच्या दर्शनाला आपण जातो ते पाटणादेवीचे स्थान. तेथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आपल्या आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तेथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेव राजाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ मध्ये, मठाला दान दिले. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. गावात जेवढे तेलाचे घाणे चालत, त्या प्रत्येकाकडून पळीपळी तेल मठाला मिळायचे! ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तिच्याआधी ८४ वर्षे खानदेशच्या तेल्याच्या घाण्यावर आकाशाच्या गणिताचा दिवा जळत होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे १११४ चा. त्यांचे मूळ गाव कोणते याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण नातवाचा मठ पाटणला होता याविषयी नाही. वयाच्या ३६ व्या वर्षी, शके १०७२ मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला. पृथ्वी निराधार आकाशात आहे, तिच्या अंगी वस्तू ओढून घेण्याची शक्ती आहे आणि चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची छाया, हे त्यांना ठाऊक होते. राहू आणि केतू म्हणजे तरी काय? सूर्याचा मार्ग आणि चंद्राचा मार्ग आकाशात एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात, ते दोन बिंदू. चौरस्त्याला आपण नाव देतो, पण चौरस्ता काही कोणाला गिळत नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हा चांगदेव म्हणजे आपला चौदाशे वर्षांचा योगी चांगदेव नव्हे. योगी चांगदेवांचे स्थान तापी-पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात आहे. नाव एक, वाटा दोन. त्या दुसऱ्या चांगदेवांकडे आपण शेवटी येऊ.

३. लीलावतीची कथा काय शिकवते

भास्कराचार्यांच्या नावावर एक कथा फार प्रसिद्ध आहे. त्यांची कन्या लीलावती. तिच्या पत्रिकेत वैधव्ययोग दिसला. एकच शुभ घटका साधली तर योग टळेल म्हणून त्यांनी पाण्यात घटिकापात्र ठेवले. तळाला बारीक भोक, त्यातून पाणी आत येणार, पात्र बुडाले की मुहूर्त. नवरीने उत्सुकतेने वाकून पाहिले, तिच्या अलंकारातला एक मोती सुटून पात्रात पडला आणि भोक बुजले. पाणी आत येईना, पात्र बुडेना. घटका कधी निघून गेली ते कोणालाच कळले नाही. पुढे तिच्या नशिबी दुःख आले आणि पित्याने तिच्या सांत्वनासाठी तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ रचला.

ही दंतकथा आहे. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या ग्रंथात ती नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यातून ती पसरली. पण दंतकथा झाली म्हणून टाकाऊ नव्हे. लोकांच्या मनाने ती का सांभाळली हे पाहावे. सर्वांत मोठा ज्योतिषी, त्याची स्वतःची लेक, आणि तरी एका मोत्यापुढे त्याचे काही चालले नाही. मग बापाने तिला काय दिले? ताईत दिला नाही, शांतीचा विधी दिला नाही. विद्या दिली. दुःख आल्यावर माणसाने माणसाला काय द्यावे, याचे उत्तर त्या गोष्टीत आहे.

४. पत्रिका हे रूपक कसे

आता तिसऱ्या स्कंधाकडे वळू. वराहमिहिरांचा ‘बृहज्जातक’ हा होराशास्त्रातला मान्य ग्रंथ. त्यांनी काळालाच पुरुष कल्पून त्याच्या अंगी ग्रह बसवले आहेत. सूर्य हा आत्मा, चंद्र हे मन, मंगळ हे धैर्य, बुध ही वाणी, गुरू हे ज्ञान आणि सुख, शुक्र ही कामना, शनी हे दुःख.

ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. आत्मा, मन, धैर्य, वाणी, ज्ञान, कामना, दुःख. हा आकाशाचा नकाशा आहे की माणसाचा? पूर्वजांनी रात्री वर पाहिले आणि आपल्या आतले जे कळत होते पण दाखवता येत नव्हते, त्याला वरच्या दिव्यांची नावे दिली. चंद्र रोज कमी-जास्त होतो, मनही तसेच. म्हणून चंद्र मनाचा. पुरुषसूक्तातही चंद्राचा जन्म मनापासून सांगितला आहे. मंगळ तांबूस दिसतो, रक्ताचा रंग, म्हणून तो शौर्याचा आणि भांडणाचा. शनी सर्वांत संथ. त्याला सूर्याभोवती एक फेरी घ्यायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. दुःखाचे दिवसही असेच संथ जातात. म्हणून शनी दुःखाचा झाला.

रूपक म्हणून हे सुंदर आहे, आणि रूपकाचे वावडे वारकऱ्याला तरी कसे असेल? संतांनी शेत, जाते, हाट, नदी, भारूडातला विंचू, सगळ्यांतून परमार्थ सांगितला. पण नाथांचा विंचू वाचून कोणी पायाला चुना लावत बसत नाही! तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे आपल्याला कळते. शनीच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. खूण म्हणून जे मांडले त्याला मारणारा हात समजतो. पंढरीच्या वाटेवर मैलाचा दगड असतो. पंढरपूर किती लांब ते तो सांगतो, म्हणून तो आपल्याला पंढरीला पोचवतो किंवा अडवतो असे नाही.

आपली मराठी भाषाही मोठी मार्मिक आहे. ‘ग्रह’ म्हणजे आकाशातला गोल आणि ‘ग्रह’ म्हणजे मनाने धरून ठेवलेली समजूत. आपण म्हणतोच, “त्याचा माझ्याविषयी वाईट ग्रह झाला.” पूर्वग्रह, दुराग्रह हे त्याच शब्दाचे गोतावळे. दोन्हींत धरणे आहे, पकडणे आहे. आकाशातला शनी पृथ्वीपासून १०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. मनातला शनी मात्र अगदी मानगुटीवर बसलेला असतो. पीडा होते ती या दुसऱ्याची.

५. मनाचे शास्त्र काय म्हणते

“पण महाराज, जोशीबुवांनी सांगितलं ते तंतोतंत जुळलं ना!” असे पुष्कळजण म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे खरोखर वाटलेले असते. असे का वाटते, याचा एक साधा प्रयोग अमेरिकेतील बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये केला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची स्वभाव-चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझे वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. किती जुळले त्याला ५ पैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६ गुण पडले! मग त्याने उलगडा केला. सगळ्यांच्या कागदावर तोच मजकूर होता, आणि तो बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उतरवलेला होता. तुम्ही वरून धीट पण आतून हळवे आहात, लोकांना तुमची पुरती किंमत कळलेली नाही, असे काही सांगितले तर कोणाला पटणार नाही? शंभरातल्या नव्वदांना ते लागू पडते. शिवाय जुळलेले आपल्या लक्षात राहते, न जुळलेले आपण विसरतो.

स्वित्झर्लंडचे कार्ल युंग हे मनाचे मोठे अभ्यासक. त्यांना ज्योतिषाविषयी आदर होता. माणसाने आपल्या मनातली चित्रे आकाशावर उमटवली, म्हणून पत्रिका हे मनाच्या अभ्यासाचे साधन आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासून त्याचा वृत्तांत १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या १८० जोडप्यांत जुन्या समजुतीप्रमाणे सूर्य-चंद्राचे योग जास्त दिसले. मग आणखी पत्रिका मिळवून संख्या ४८३ वर नेली, तेव्हा तो परिणाम विरून गेला. युंगांनी ते लपवले नाही. ज्याच्या मनाचा ओढा ज्योतिषाकडे होता त्याच्या हातूनही हेच निघाले, म्हणून ही साक्ष मोलाची.

तेव्हा मानसशास्त्राचा निवाडा थोडक्यात असा की पत्रिका हा आरसा होऊ शकतो. आरशात पाहून माणूस केस नीट करतो, पण आरशामुळे त्याचा चेहरा बनत नाही. आरसा पाहून घाबरायला लागलो तर तो उतरवून ठेवलेला बरा.

६. पुण्याची कसोटी

शास्त्र म्हटले की कसोटी आली. सोनार सोने कसावर घासतो, त्यात सोन्याचा अपमान नाही. आपल्या महाराष्ट्रातच अशी एक कसोटी झाली. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (यांचे २०२५ च्या मे महिन्यात देहावसान झाले) यांनी २००८ मध्ये पुण्यात ती योजली. संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे हे त्यांच्याबरोबर होते.

रीत सोपी होती. १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुले, अशा २०० मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका मांडल्या. पत्रिकेतले पंचमस्थान विद्या-बुद्धीचे असे जातकग्रंथ म्हणतात. तेव्हा पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले तेवढे ज्योतिषांनी सांगायचे. प्रत्येकाला ४० पत्रिका. नुसते नाणे उडवून छापा-काटा केला तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येणारच. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. त्यांच्या बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी शेकडा ४६ निघाले. ज्याचे सर्वांत चांगले जमले त्याची ४० पैकी २४ उत्तरे बरोबर आली. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर आली. नाण्याने जे सांगितले असते तेच पत्रिकेने सांगितले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ५ एप्रिलला जन्मलेल्या मुलाचा सूर्य आपल्या निरयन पंचांगाने मीन राशीत, तर युरोपच्या सायन पद्धतीने मेष राशीत. दोन्ही पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचे अंतर पडले आहे, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो. म्हणूनच उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास करतो. गणितात हे अंतर मोजून मिटवता येते. पण त्याच मुलाचा स्वभाव एकीकडे मीनेचा, दुसरीकडे मेषेचा! मग खरा कोणता? मूल तर एकच आहे.

७. साडेसाती आणि मंगळ, साधा हिशेब

आता ज्याची भीती सर्वांत मोठी त्याचा हिशेब पाहू. तो घरचा धाकटा पोरही करील.

शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास, या तिन्ही मिळून साडेसाती. राशी १२, त्यांतल्या ३ ना एका वेळी साडेसाती. म्हणजे कोणत्याही दिवशी जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या माणसांना साडेसाती असतेच. १०० वारकऱ्यांची दिंडी निघाली तर त्यांतले २५ साडेसातीवाले धरून चाला. त्यांच्या खांद्यावरची पताका काही खाली येत नाही, आणि चंद्रभागा त्यांना वगळून वाहत नाही. ज्याचे वय साठीच्या पुढे गेले त्याच्या दोन साडेसात्या होऊन गेल्या असतात. त्याने मागे वळून प्रामाणिकपणे पाहावे. दुःखे तेवढ्याच काळात आली आणि सुखे तेवढी बाहेर राहिली, असे झाले का?

मंगळाचेही तसेच. कुंडलीतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की ‘मंगळ आहे’ म्हणतात. १२ पैकी ५ स्थाने झाली. म्हणजे १२ मुलींत सुमारे ५ जणींना, आणि तितक्याच मुलग्यांना, मंगळ निघणार. इतक्या माणसांना दोष लागला तर संसार चालायचा कसा? म्हणून मग अपवादांची लांबलचक यादी करावी लागली. पण गावात बोलणी होतात ती मुलीचीच. “माय, पोरीला मंगळ आहे म्हणे,” एवढे एक वाक्य कुजबुजले की स्थळ परत जाते. दोष मंगळाचा नसतो, त्या कुजबुजीचा असतो, आणि शिक्षा मात्र निरपराध लेकराला.

नाडीविषयी तर अलीकडे नवेच सांगतात. एक नाडी म्हणजे एक रक्तगट, असे काहीजण शास्त्राच्या थाटात बोलतात. हे साफ चूक आहे. २७ नक्षत्रांचे ९-९ चे तीन गट म्हणजे तीन नाड्या, त्याचा रक्ताशी काडीचा संबंध नाही. रक्ताचीच काळजी असेल तर रक्तच तपासावे. आपल्या धुळे-नंदुरबारच्या सातपुडा भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असेल तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला तो आजार होण्याचा संभव चारात एक असतो. हे साध्या रक्ततपासणीने लग्नाआधी कळते. छत्तीस गुण जुळवण्यापेक्षा ही जुळवणी लेकरांच्या कामाची.

८. शंका आणि समाधान

शंका : चंद्रामुळे समुद्राला भरती येते. मग माणसावर ग्रहांचा परिणाम का नसावा?

समाधान : भरती येते ती चंद्राच्या ओढीने, आणि ती मोजता येते. त्या ओढीला पत्रिका लागत नाही. ती नवऱ्यावर, नवरीवर आणि जोशीबुवांवर सारखीच असते. भरतीवरून लग्नाचे भाकीत निघत नाही.

शंका : मग काय गावचे सारे जोशी लबाड म्हणायचे?

समाधान : मुळीच नाही. कित्येकजण भाविक आणि सज्जन असतात. खचलेला माणूस त्यांच्याकडे जातो, कोणीतरी तासभर त्याचे ऐकून घेते, ‘चैत्रानंतर बरे दिवस आहेत’ म्हणून धीर देते. त्याला बरे वाटते ते या ऐकून घेण्याने. हे काम चांगलेच आहे. पण ते संतसंगतीतही होते, आणि तेथे भीतीची दक्षिणा द्यावी लागत नाही. मन फारच खचले, झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर मनाच्या डॉक्टरकडे जावे. ताप आल्यावर जातो तसेच. त्यात लाज नाही.

शंका : कर्म आणि प्रारब्ध तर संतांनीही मानले आहे.

समाधान : मानले आहे. पण प्रारब्ध भोगण्याचे बळ नामात आहे असे सांगण्यासाठी मानले, ते आधी वाचून घाबरण्यासाठी नव्हे. ज्ञानेश्वर माउलींनी हरिपाठात नामाला काळवेळ लागत नाही असे स्पष्ट सांगितले. जेथे नामालाच मुहूर्त नको, तेथे नामधारकाला कशाचे भय? तुकोबांनी तर शकुन पाहून भूत-भविष्य सांगणाऱ्यांचा आपल्याला कंटाळा आहे, असे एका अभंगात रोखठोक म्हटले आहे.

९. असोद्याची माय

आता शास्त्र बाजूला ठेवू आणि आपल्या शेजारच्या एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईचे ऐकू. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, देहावसान १९५१. अक्षर येत नव्हते, पण जात्यावर आणि शेतात ओव्या सुचत. त्यांचा संग्रह त्यांच्या मागे, १९५२ मध्ये निघाला. ऐन तिशीत त्यांचे कुंकू पुसले गेले, पदरी लहान मुले. अशा बाईच्या दारी ज्योतिषी आला तर तिने हात पुढे करावा की नाही? बहिणाबाईंनी एका कवितेत त्याला दारातूनच परत पाठवले आहे. माझे दैव मला कळते, माझा हात पाहू नकोस, असे त्या सांगतात. नशिबाचे नऊ ग्रह तर स्वतःच फिरत राहिले आहेत, असेही म्हणतात. आणि शेवटी देवापाशी एवढेच मागतात की लेकरे सुखी राहोत. माझे नशीब त्यातच आले, मग पंचांगाला काय विचारायचे?

बाई शाळेत गेली नव्हती. पण फोरर, युंग आणि नारळीकर यांनी मोठ्या खटाटोपाने जे दाखवले, ते तिने उंबऱ्यात उभे राहून सांगितले. तिने दुःख नाकारले नाही. दुःखाला ग्रहाचे नाव देऊन त्याच्यापुढे हात जोडणे नाकारले, आणि हात जोडले ते देवापुढे.

१०. तर मग वागावे कसे

एकादशी, पौर्णिमा, वारी यांसाठी पंचांग खुशाल पाहावे. तो आपल्या भास्कराचार्यांच्या घराण्याचा वारसा आहे. आकाश पाहायची आवड असेल तर मुलांना अंगणात नेऊन शनी, मंगळ, गुरू प्रत्यक्ष दाखवावेत. ज्याला डोळ्यांनी पाहिले त्याची भीती उरत नाही.

मुलीचे स्थळ पत्रिकेवरून परत करू नये आणि आपल्या मुलीचे परत गेले तर तिला दोष लावू नये. मुलगा निर्व्यसनी आहे का, घर कष्टाळू आहे का, मुलीच्या मनात काय आहे, हे पाहावे. आजारात आधी वैद्य, मग अंगारा. कोणी ‘अमुक केले नाही तर वाईट होईल’ म्हणून घाबरवू लागला, तर त्याला शांतपणे विचारावे की हे तुम्हांला कसे कळले, याआधी किती वेळा चुकले, आणि या उपायाचे पैसे कोणाला जातात. तीन प्रश्नांनी पुष्कळ ग्रह आपोआप उतरतात.

आता त्या दुसऱ्या चांगदेवांकडे येऊ. योगबळाने त्यांनी चौदा वेळा काळाला चुकवले आणि चौदाशे वर्षे जगले, अशी आपली परंपरा सांगते. त्यांच्याइतके भविष्य कोणाच्या हातात होते? तरी ज्ञानोबांना पत्र लिहायला बसले तेव्हा कागद कोराच राहिला. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, आणि एवढ्या मोठ्या योग्याला उपदेश घ्यावा लागला तो लहानग्या मुक्ताईकडून. काळ टाळता आला, पण स्वतःची ओळख पटली नव्हती. आणि ती ओळख पटल्यावर काळ टाळण्याची गरजही उरली नाही.

आपल्या खानदेशाने दोन्ही वाटा पाहिल्या आहेत. पाटणच्या मठात आकाश मोजले गेले आणि मुक्ताईच्या पायाशी मनातला ग्रह सुटला. आकाश मोजायला गणित लागते, ते शिकावे. मनातला ग्रह सुटायला नाम लागते, ते घ्यावे. पत्रिकेच्या चौकटीत बारा घरे आहेत, पण विठोबा त्यांतल्या एकाही घरात बसलेला नाही. तो विटेवर उभा आहे, आणि तेथे जायला साडेसातीवाल्यालाही वाट मोकळी आहे.

रामकृष्णहरी.